मदत हवी आहे : पॅरिश कौन्सिलच्या बैठका होतात, कामं पुढे सरकत नाहीत

प्रश्न : आमच्या धर्मग्रामात (कॅथलिक पॅरिशमध्ये) पास्टरल कौन्सिल, म्हणजे चर्चच्या धार्मिक कामांचा विचार करणारं भाविकांचं मंडळ आहे, पैशांचं बघणारी फायनान्स कमिटीही आहे. बैठक अडीच तास चालते, त्यातला निम्मा वेळ चर्चच्या गळक्या छपरावर जातो आणि पुढच्या महिन्यात तोच विषय परत निघतो. बहुमताने ठरलेलं फादर थांबवू शकतात का? आणि छपरासाठी जमलेला निधी सणाच्या खर्चाला वापरता येतो का?

प्रतिसाद १ : हो, थांबवू शकतात. १९८३च्या कॅनन लॉमध्ये (कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत) कलम ५३६ नुसार पास्टरल कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं आहे आणि अध्यक्ष धर्मगुरूच असतात. ते नसताना बैठक घेऊन ठराव केला तर तो रद्दच. व्हॅटिकनच्या १९९७च्या सूचनेत हे स्पष्ट आहे. पण सल्ला म्हणजे शोभेची गोष्ट नव्हे. फादरांना तो मान्य नसेल तर कारण इतिवृत्तात लिहून घ्या. कारण कळलं नाही की चांगली माणसं हळूहळू यायची थांबतात.

फायनान्स कमिटी मात्र कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची आहे. छप्पर, कोटेशन, बँक हे सगळं तिकडे न्या. कौन्सिलने शिकवणी, उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, तरुण यांचं बघावं. तुमचे अडीच तास इथेच जातायत.

निधी सणाला अजिबात वळवू नका. ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी वापरायचा (कलम १२६७). त्याचं खातं, निदान खतावणीचं पान तरी, वेगळं ठेवा.

प्रतिसाद २ : वरच्याशी सहमत. विषयपत्रिका आठवडाभर आधी पाठवा, पाचाच्या वर विषय नकोत. इतिवृत्तात प्रत्येक निर्णयापुढे काम, एकाच माणसाचं नाव आणि तारीख. ‘समिती बघेल’ असं लिहिलंत की ते काम बुडालंच म्हणून समजा. पुढची बैठक याच यादीपासून सुरू करा.

दानपेटीची मोजणी एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या तिघांनी करावी आणि ही माणसं आलटूनपालटून बदलावीत. नोटा मूल्यानुसार लिहून चिठ्ठीवर तिघांच्या सह्या, पिशवीला सील, आणि बँकेची स्लिप आली की दुसऱ्याच कुणीतरी ती चिठ्ठीशी ताडून बघायची. मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) घाईत एकट्याने मोजलं की रक्कम बरोबर असली तरी संशय उरतो, आणि त्याचा त्रास मोजणाऱ्यालाच होतो.

वर्षाचा हिशेब नोटीस बोर्डावर लावा. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असं कलम १२८७ सांगतं.

प्रश्नकर्ता : छपराचा विषय या महिन्यातच फायनान्स कमिटीकडे देतो. खर्च मोठा असेल तर बिशपांची (धर्मप्रांताच्या प्रमुखांची) परवानगी लागते का?

प्रतिसाद १ : नेहमीच्या कारभाराबाहेरचा खर्च असेल तर लागते, तीही लेखी. मर्यादा प्रत्येक धर्मप्रांताची वेगळी असते. ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी बिशप हाऊसमध्ये (बिशपांच्या कार्यालयात) विचारून घ्या.