नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कंपनीला स्वतःचा विधी प्रमुख (कायद्याचं काम बघणारा पगारी वकील) हवा की बाहेरचा वकील पुरे?

सिन्नरफाटा
कंपनी कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे सूचिबद्ध कंपनीला, तसंच १० कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या पब्लिक कंपनीला एमडी किंवा सीईओ, कंपनी सेक्रेटरी आणि सीएफओ (अर्थ प्रमुख) नेमावेच लागतात. विधी प्रमुख त्या यादीत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या शे-दीडशे कोटी उलाढालीच्या कंपन्या हे काम वाटून टाकतात. करार परचेसकडे, बाउन्स झालेले चेक अकाउंट्सकडे, कामगारांचे प्रश्न एचआरकडे आणि दावे सीबीएस बसस्थानकाजवळच्या वकीलसाहेबांकडे. सगळं एकत्र बघणारा कोणीच नसतो.

यात पहिल्यांदा हातून जातात त्या तारखा. व्यापारी दाव्याचं समन्स गेटवर सिक्युरिटी सही करून घेते आणि ते अकाउंट्सच्या ट्रेमध्ये पडून राहतं. कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस असतात, कोर्टाने कारणं नोंदवून वाढवले तर जास्तीत जास्त १२०. त्यानंतर कैफियत दाखल करून घ्यायचा अधिकार कोर्टालाही राहत नाही. चेकचंही तसंच आहे. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस, ते संपल्यावर महिन्याभरात फिर्याद. नोटिशीचे ३० दिवस हुकले आणि चेकची तीन महिन्यांची मुदतही संपलेली असली, तर दिवाणी दाव्याशिवाय हातात काही उरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पूर्णवेळ विधी प्रमुख नेमा, आणि त्याला सीएफओच्या हाताखाली न ठेवता थेट एमडीला जोडा.

ॲड. गोदाकाठ
सहमत नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चुका टपालाच्या आहेत. गेटवर आवक रजिस्टर ठेवा, कोर्ट किंवा बँकेचा कागद त्याच दिवशी स्कॅन करून वकिलाला पाठवा. त्यासाठी पगारी वकील लागत नाही.

आता पगारी वकिलाच्या मर्यादा बघा. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. म्हणजे कोर्टात उभं राहायला बाहेरचा वकील लागणारच. त्याहून मोठी अडचण गोपनीयतेची. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वकील-अशील संवाद गोपनीय ठेवणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण कंपनीच्या नोकरीतल्या वकिलाला मिळणार नाही. एमडींनी त्याला मोकळेपणाने लिहिलेली मेल उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकते. माझ्यासारख्याला लिहिलेली येणार नाही.

परचेस अंबड
वकीलसाहेब, रजिस्टरमुळे समन्स सापडेल हो, पण पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागच्या बारीक अक्षरातल्या अटी कोण वाचणार? मोठ्या वाहन कंपनीची पीओ पोर्टलवर येते, डिस्पॅचचा मुलगा ‘ॲक्सेप्ट’ दाबतो. त्यात आपल्या मालामुळे त्यांची लाइन थांबली तर दर तासाची डेबिट नोट (बिलातून कपात), रिकॉलची जबाबदारी कमाल मर्यादेशिवाय, आणि वाद झाला तर लवाद चेन्नईला. पार्ट ४० रुपयांचा, जबाबदारीला अंत नाही. हे बाहेरच्या वकिलाकडे पोचतं तेव्हा डेबिट नोट निघालेली असते आणि तेवढी रक्कम पेमेंटमधून कापून झालेली असते.

दुसरी गोष्ट लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याच्या नियमाची. एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढाल-मर्यादा १०० कोटी झाली. म्हणजे दीडशे कोटींची कंपनी ‘मध्यम’ ठरते, आणि उशिरा पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्ध एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याचं संरक्षण तिला मिळत नाही. उलट सातपूरच्या छोट्या जॉबवर्कवाल्याचे पैसे मात्र तिने ४५ दिवसांत द्यायचेच. करारात ९० दिवस लिहिले तरी ते टिकत नाहीत. उशीर झाला की बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. असे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निवाडा विरुद्ध गेला तर आव्हान द्यायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. गिऱ्हाइकाकडून ९० दिवसांनी येणार आणि व्हेंडरला ४५ व्या दिवशी जाणार, हा फरक करार होण्याआधी दाखवणारा माणूस आतलाच हवा.

शॉपफ्लोअर
मुद्दा मान्य आहे, पण प्रत्येक पीओ लीगलच्या टेबलावरून गेली तर गाडी डॉकला उभी राहील. त्यांनी तीनच प्रकार बघावेत: नवीन गिऱ्हाईक, बदललेल्या अटी, आणि ठरलेल्या रकमेवरचे करार. तेही दोन कामाच्या दिवसांत. उत्तर ‘होईल का नाही’ एवढंच नको, कोणतं कलम बदलून मागायचं ते लिहून द्यावं.

सिन्नरफाटा
शॉपफ्लोअर, पूर्ण सहमत. दोन दिवसांची अट नेमणूकपत्रातच घालावी.

वकीलसाहेब, निकाल तुम्ही बरोबर सांगितलात, पण त्याचा दुसरा भागही आहे. कंपनीच्या बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी आतल्या वकिलाने केलेल्या पत्रव्यवहाराला कलम १३४ चं संरक्षण आहे. म्हणून कामाची पद्धत अशी ठेवावी: नाजूक प्रकरणात कागद आणि घटनाक्रम आतल्याने जमवायचा, प्रश्न त्याने बाहेरच्या वकिलाला लिहायचा, लेखी मत बाहेरून घ्यायचं. रोजच्या मेलमध्ये ‘आपली चूक आहे असं वाटतं’ छापाची वाक्यं कोणीही लिहू नयेत. आणि दाव्यावर सही करण्याच्या अधिकाराचा बोर्ड ठराव आधीच करून ठेवावा. तो नसला की पहिल्याच तारखेला हरकत येते.

ॲड. गोदाकाठ
पद्धत चांगली आहे, आणि पीओचा मुद्दाही मी मान्य करतो. मात्र ‘थेट एमडी’ला माझा विरोध कायम. लैंगिक छळाची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जात नाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. अशा वेळी तुमचा विधी प्रमुख कोणाचा सल्लागार? कंपनीचा की पगारवाढ ठरवणाऱ्याचा? प्रायव्हेट कंपनीला स्वतंत्र संचालक सक्तीचा नाही, म्हणजे बोर्डावर घरचेच सगळे. त्याची नेमणूक आणि काढणं दोन्ही बोर्डाच्या ठरावानेच होईल आणि बोर्डाला तो थेट लेखी टिपण देऊ शकेल, हे नेमणूकपत्रात असल्याशिवाय मी कोणत्याही तरुण वकिलाला सनद थांबवून ती नोकरी धर असं सांगणार नाही.