केबिनला चार खिडक्या आहेत, तरी व्हेंटिलेशन कमी म्हणतात. काहून?

मानेवाडा_नाविक
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी बावीस फुटी जुनी फायबरची बोट घेतली, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला ठेवायचा विचार आहे, परवानगी आणि रजिस्ट्रेशनची धावपळ चालू आहे. केबिन म्हणजे काय तर सात बाय सहा फुटांची खोली, उभं राहिलं की डोकं टेकते. आत दोन बर्नरची गॅस शेगडी, पाच किलोचं सिलेंडर सीटखाली, आणि झोपायला चार जागा. ओळखीतले एक काका मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेत, त्यांना सहज दाखवायला नेली तर आत जाऊन दोन मिनिटं बसले आणि म्हणाले ह्यात रात्री झोपू नको, हवा नाही. आता मला सांगा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन सरकत्या खिडक्या, वरती हॅच म्हणजे छतातलं झाकण, मागे दार, छताला एक तीन इंची मशरूम व्हेंट, म्हणजे छत्रीसारखी टोपी असलेलं हवेचं भोक, पण आहे. अजून किती हवा पाहिजे? बोटीला भोकं पाडत बसायचं जिवावर येऊन राहिलं आहे, पावसाचं पाणी आत आलं तर बायको आधी मलाच बुडवते.

लोहाओळी_पाना
भाऊ, काका बरोबर आहेत. खिडकी, हॅच, दार, जे जे हातानं बंद करता येते ते मोजायचंच नाही. डिसेंबरात रात्री दोन वाजता पाण्यावर गारठा सुटला की पहिले काय करशील? सगळं बंद करून गोधडी ओढशील. तेव्हा जी भोकं उघडी राहतील तेवढीच तुझी व्हेंटिलेशन. तुझ्या मशरूम व्हेंटला फिरवून बंद करायची चकती असेल तर ती पण शून्य धर.

हिशोब पाहिजे तर इंग्लंडातला घे. तिथे कालव्यांवर लोक बोटीतच राहतात, त्यांची बोट सेफ्टी स्कीम आहे. बिनचिमणीच्या, म्हणजे धूर आतच सोडणाऱ्या शेगडीसारख्या उपकरणाला दर किलोवॅटमागे २२०० चौरस मिलिमीटर, आणि दर माणसामागे ६५०. शेगडीवर ताशी किती ग्रॅम गॅस लागते ते लिहिलेलं असते, १०० ग्रॅमला साधारण १.३ किलोवॅट धर. दोन्ही बर्नर मिळून २८० ग्रॅम असेल तर ३.६ किलोवॅट, म्हणजे ७९२०, वर चार माणसांचे २६००, झाले १०,५२० चौरस मिमी. ह्याचं अर्धं छताजवळ आणि अर्धं खाली लागते. तुझं तीन इंची भोक अगदी मोकळं असलं तरी ४५०० च्या आसपास, म्हणजे वरचाच कोटा पुरा होत नाही आणि खाली तर काहीच नाही.

आणि भोक बाहेरून मोजू नको. टोपीखालची फट, लूव्हरच्या (तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्याच्या) पट्ट्या, जाळी, ह्यात जिथं सगळ्यात कमी जागा उरते तेच माप खरं.

खसताटी_कूलर
वर-खाली काहून लागते ते नागपूरवाल्याले समजवायची गरजच नाही राजेहो 😄 मे महिन्यात कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली तर काय होते? नुसता दमटपणा, अंग चिकचिक. हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते. इथंही तेच, गरम हवा वरून निघते तेव्हा थंड खालून आत येते.

गंमत बाजूला ठेवून सांगतो. आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमात गॅस गीझर होता, थंडीत मी व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावला, गार वारा येते म्हणून. आंघोळ करून निघालो तर डोकं जड, ओकारी येऊन राहिली, मला वाटलं रात्रीच्या सावजीनं पित्त झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी आईनं पुठ्ठा काढून फेकला आणि पित्त कायमचं गेलं! हवा कमी पडली की जळत्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघते, त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटते. माझं बाथरूम तुमच्या केबिनपेक्षा फार लहान नव्हतं. आणि थंडीत सिगडीतले निखारे आत नेऊ नका, विस्तव विझल्यासारखा दिसला तरी.

डिझेलकाका
सगळे हवेच्या मागे लागले, सीटखालच्या सिलेंडरबद्दल कोणी बोललंच नाही. मानेवाडा, तू ते भोकं पाडायच्या आधी बाहेर काढ.

कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच हलका-जड असतो, सगळीकडे मिसळतो. एलपीजी तसा नाही, तो हवेपेक्षा दीड ते दोनपट जड. गळला की पाण्यासारखा खाली वाहत जाऊन फळ्यांखाली, बोटीच्या तळात साचतो. दाराच्या खाली लूव्हर बसवला तरी त्यातून तो बाहेर पडत नाही कारण तळ त्याहून खाली आहे. म्हणजे व्हेंटिलेशनचा हिशोब कितीही चोख केलास तरी गळतीवर तो इलाज नव्हे. सिलेंडरला वेगळी पेटी पाहिजे, तिचं झाकण फक्त बाहेरून, वरून उघडणारं, केबिनकडे एकही फट नाही, आणि पेटीच्या बुडाशी पाइप जो पाण्याच्या रेषेच्या वर थेट बाहेर निघतो. अमेरिकन बोटींवर पेट्रोल इंजिनाजवळ पाटी असते, स्टार्ट करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवा, ती याच दुखण्यासाठी, पेट्रोलची वाफ पण जडच.

जनरेटर मागच्या डेकवर ठेवणार असशील तर तेही नको. बोट हळू चालताना धूर मागच्या दारातून उलटा आत ओढला जातो.

कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ हे युरोपियन मानक लिहिलेला घे, हा बोटी आणि कॅराव्हॅनसाठीचा आहे, शेवटी -१ असेल तो घरचा. तिकडे इंग्लंडात त्याच स्कीमखाली २०१९ च्या एप्रिलपासून केबिनवाल्या बोटीत सीओ अलार्म सक्तीचा आहे. गॅस गळतीचा अलार्म वेगळा, तो खाली लावायचा. एकच घेऊन दोन्ही कामं होतील असं दुकानदार सांगेल, ऐकू नको.

मानेवाडा_नाविक
काका, दंडवत. रविवारी जाऊन व्हेंट खोलला. आतली जाळी मच्छरदाणीपेक्षा बारीक, त्यावर आधीच्या मालकानं छताचा पांढरा रंग मारताना तिच्यावरही हात मारला, अर्धी भोकं बुजलेली, उरलेल्या अर्ध्यात कोळ्यानं जाळं केलं. टॉर्च लावून खालून पाहिलं तर उजेड कसाबसा येऊन राहिला होता. म्हणजे माझी चार जणांची हवा त्या कोळ्याच्या मेहरबानीवर होती.

आता छताला दोन चार-इंची मशरूम, बंद न होणारे, आणि दाराच्या खालच्या फळीत लूव्हर असं ठरवलं. सिलेंडर काल घरी आणलं. प्रश्न एवढाच की जाळी ठेवू की काढू? गोसेखुर्दचे डास भयानक आहेत.

लोहाओळी_पाना
ठेव पण मोठ्या भोकांची, आणि हिशोबात तारा सोडून फक्त भोकं धर. कमी पडलं तर लूव्हर मोठा कर. डासांसाठी चौघं मच्छरदाणीत झोपा. दारातल्या फळीच्या खालच्या लूव्हरला आतून चप्पल-बॅगा टेकून ठेवू नका, पहिल्याच रात्री तेच होते.

डिझेलकाका
शेगडी पण बाहेर डेकवर ने रे. २२०० गुणिले शून्य, मग राहिले फक्त माणसांचे २६००.

मानेवाडा_नाविक
आणि वारा सुटला की चहा कसा करू काका 😭