बांगलादेशचं १९७५ ला नाही, १९७२ च्या जानेवारीतच चुकलं

काठावरचा:
बांगलादेशच्या पहिल्या सरकारबद्दल बोलणं निघालं की सगळे थेट १५ ऑगस्ट १९७५ वर जातात, शेख मुजीबचं ढाक्यातलं धानमंडीचं घर, तिथे सैन्यातल्या मेजर लोकांनी केलेलं त्यांचं आणि कुटुंबाचं हत्याकांड वगैरे. भयंकरच होतं ते. पण माझं मत असंय की सरकार म्हणून जे बिघडलं ते मुजीब पाकिस्तानच्या कैदेतून परत आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बिघडलं, कारण ज्यांनी युद्धाच्या काळात कारभार हाकला त्यांना बाजूला सारून सगळं एका माणसाभोवती उभं केलं गेलं.

२५ मार्च १९७१ च्या रात्री मुजीबना पकडून पाकिस्तानात नेलं. मुजीबच्या अवामी लीगचे सरचिटणीस ताजुद्दीन अहमद सीमा ओलांडून भारतात आले, इंदिराबाईंना भेटले, १० एप्रिलला स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला आणि १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आमराईत (तिलाच मुजीबनगर नाव दिलं) शपथविधी झाला. राष्ट्रपती म्हणून नाव मुजीबचंच, पण ते कैदेत, म्हणून सय्यद नझरूल इस्लाम कार्यकारी राष्ट्रपती आणि ताजुद्दीन पंतप्रधान. मग कलकत्त्यात थिएटर रोडवरून कारभार. एक कोटीच्या आसपास निर्वासित, मुक्तिवाहिनीचे ११ सेक्टर, वर पक्षातच शेख मोनीसारखे तरुण पुढारी ताजुद्दीनना जुमानत नव्हते, आणि परराष्ट्रमंत्री खोंडकर मुश्ताक अमेरिकेशी परस्पर संधान बांधायच्या मागे. एवढं सगळं सांभाळून त्या माणसाने भाशानी, मोनी सिंग, मुझफ्फर अहमद अशा बाहेरच्या पक्षांच्या लोकांना सल्लागार समितीत घेतलं.

आणि पुढे? १० जानेवारी ७२ ला मुजीब ढाक्यात, १२ तारखेला पंतप्रधान, ताजुद्दीन अर्थमंत्री. सर्वपक्षीय सरकारची मागणी होती ती मान्य झाली नाही. ऑक्टोबर ७४ मध्ये ताजुद्दीनना राजीनामा द्यायला लावला, मुश्ताक मात्र मंत्रिमंडळात शेवटपर्यंत. तोच मुश्ताक १५ ऑगस्टला राष्ट्रपती झाला. मला हे वाचताना आजही राग येतो.

सरळमार्गी:
साफ असहमत. तुम्ही एक गोष्ट गाळलीत आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एप्रिलच्या जाहीरनाम्यात राष्ट्रपतीकडे सगळे अधिकार होते, कायदे करायचेसुद्धा. मुजीब परत आले तेव्हा तेच राष्ट्रपती होते, कुणी विचारणार नव्हतं. त्यांनी काय केलं, तर दुसऱ्याच दिवशी, ११ जानेवारीला, हंगामी घटनेचा आदेश काढून संसदीय पद्धत आणली आणि स्वतः पंतप्रधानपद घेतलं. एका माणसाभोवती सगळं उभं करायचं असतं तर हे कशाला केलं असतं?

आणि देशाची अवस्था बघा हो. नोव्हेंबर ७० च्या चक्रीवादळात लाखो माणसं गेली, त्यावर युद्ध. हार्डिंग ब्रिज पडलेला, चितगाव बंदरात सुरुंग आणि बुडालेली जहाजं, जी काढायला सोव्हिएत नौदल आलं, तिजोरीत परकीय चलन नाही, १४ डिसेंबरला प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार वेचून मारलेले. एवढ्यात भारतीय सैन्य मार्च ७२ मध्ये परत गेलं, घटना ४ नोव्हेंबरला मंजूर झाली, ७ मार्च ७३ ला निवडणूक झाली. पाकिस्तानला पहिली घटना करायला ९ वर्षं लागली, पहिली सार्वत्रिक निवडणूक १९७० ला. हे यश कुणाच्या खात्यावर मांडणार?

काठावरचा:
घटना लवकर झाली हे खरंच मोठं काम आहे, कमाल हुसेन आणि त्यांच्या मसुदा समितीचं. पण त्याच घटनेत कलम ७० आहे ते वाचा. खासदाराने पक्षाच्या विरोधात मत दिलं की सदस्यत्व गेलं. आपल्याकडे पक्षांतराचा कायदा १९८५ ला आला, तोही आयाराम गयाराम बघून कंटाळल्यावर, यांनी पहिल्याच दिवशी घातलं. निवडणुकीत ३०० पैकी २९३ जागा एकाच पक्षाच्या, आणि त्या २९३ जणांना विरोधात हात वर करायची सोय नाही. मग संसदीय पद्धत कागदावर असून उपयोग काय, सगळी ताकद पक्षाच्या नेत्याकडेच जाणार ना. पुढे ७३ ची दुसरी घटनादुरुस्ती, आणीबाणीची आणि विनाचौकशी अटकेची तरतूद, ७४ चा विशेष अधिकार कायदा, सरकारच्या निमलष्करी रक्षीवाहिनीला वॉरंटशिवाय अटकेचे अधिकार, हे सगळं संसदेतून रीतसर मंजूर झालंय. कोण अडवणार होतं?

निशिगंध:
तुम्ही दोघं ढाक्याच्या दालनांबद्दलच बोलताय. ७४ च्या दुष्काळाचं काय? रंगपूर, मैमनसिंगला लोक लंगरखान्याच्या दारात मेले. सरकारी आकडा सत्तावीस हजाराच्या आसपास, बाकीचे अंदाज कितीतरी जास्त. अमर्त्य सेन यांनी दाखवलंय की त्या वर्षी धान्याची उपलब्धता आजूबाजूच्या वर्षांपेक्षा कमी नव्हती, पुरामुळे शेतमजुराचा रोजगार बुडाला आणि भाताचे भाव त्याच्या हाताबाहेर गेले. साठेबाजी होती, सीमेपलीकडे तांदूळ जात असल्याची ओरड होती. क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने धान्याची मदत अडवली ते वेगळंच, त्याचा संताप मलाही आहे, पण रेशन शहरातल्या लोकांना आधी आणि खेड्याला उरलं तर, हा निर्णय वॉशिंग्टनचा नव्हता. आणि काठावरचा, अर्थमंत्री तेव्हा तुमचे ताजुद्दीनच होते, हे पण मांडा की.

तर्कटपंथी:
मला सर्वपक्षीय सरकारचा मुद्दा पटतो. नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात आंबेडकर, श्यामाप्रसाद मुखर्जी, षण्मुखम चेट्टी, तिघेही काँग्रेसबाहेरचे. बाबासाहेब तर घटना समितीवर आधी बंगालमधूनच निवडून गेले होते, जोगेंद्रनाथ मंडलांच्या मदतीने, फाळणीत ती जागा गेल्यावर मुंबईतून परत आले. विरोधकाला आत घेतलं की कायदा करतानाच भांडण होतं, ते रस्त्यावर येत नाही. ढाक्यात उलट झालं, ७२ च्या ऑक्टोबरात मुजीबच्याच तरुण पोरांनी फुटून जासद हा समाजवादी पक्ष काढला आणि दोन वर्षांत हातात बंदुका.

सरळमार्गी:
नेहरूंशी तुलना करू नका. काँग्रेस तेव्हा साठ वर्षं जुनी, नोकरशाही शाबूत, सैन्य शाबूत. इथे गावोगाव बंदुका घेतलेली पोरं, त्यांना परत घरी पाठवायचं, पाकिस्तानातून परतणाऱ्या अधिकाऱ्यांना सामावून घ्यायचं, आणि ज्यांनी युद्धात भागच घेतला नाही किंवा जे पाकिस्तानच्या बाजूने होते, त्या पक्षांशी सत्ता वाटायची?

रानपाखरू:
सर्वपक्षीय म्हणजे ते पक्ष नाहीत हो, सल्लागार समितीतले. मोनी सिंग पाकिस्तानच्या बाजूने होते का?
आणि एक नाव कुणीच घेतलं नाही, मानवेंद्र नारायण लारमा. चितगाव पहाडी भागातून निवडून आलेले, चकमा या आदिवासी समाजाचे. घटनेत सगळे नागरिक बंगाली म्हणून लिहिले तेव्हा त्यांनी सभागृहात सांगितलं की मी चकमा आहे, बंगाली नाही, आणि निषेध म्हणून बाहेर पडले. उर्दूच्या सक्तीविरुद्ध ५२ साली रक्त सांडलेल्या लोकांनी वीस वर्षांनी हे करावं याचं मला फार वाईट वाटतं. त्या डोंगरात पुढे १९९७ च्या करारापर्यंत बंदुका चालल्या. ताजुद्दीन पंतप्रधान राहिले असते तर हे टळलं असतं का, मला नाही वाटत.

काठावरचा:
निशिगंध, अर्थमंत्री होते हे मान्य, जबाबदारी आहेच. रानपाखरू, तेही मान्य, तो दोष अख्ख्या पक्षाचा. पण २५ जानेवारी ७५ ची चौथी दुरुस्ती, मग बाकशाल हा एकच पक्ष, जूनमध्ये चार दैनिकं सोडून बाकी बंद, हे एका माणसावर सगळं सोपवल्याचंच फळ. आणि ३ नोव्हेंबरला तुरुंगात घुसून ज्या चौघांना मारलं, ताजुद्दीन, नझरूल इस्लाम, मन्सूर अली, कमरुज्जमान, ते मुजीबनगरचंच मंत्रिमंडळ होतं, मुश्ताक वगळून. पर्यायी सरकार कोण देऊ शकतं हे मारेकऱ्यांना बरोबर माहीत होतं.

सरळमार्गी:
बाकशालचं समर्थन मी करत नाही, जासदने पोलीस ठाणी लुटली, खासदारांचे खून झाले तरी ते समर्थनीय होत नाही. पण तुमच्या त्या चौघांकडेच बघा. बाकशालच्या काळात उपराष्ट्रपती कोण, नझरूल इस्लाम. पंतप्रधान कोण, मन्सूर अली. म्हणजे मुजीबनगरच्या टीममधले दोघे एकपक्षीय राजवटीत वरच्या खुर्चीवर होते. चौथ्या दुरुस्तीच्या निषेधार्थ खासदारकी सोडली ती मुक्तिवाहिनीचे सरसेनापती राहिलेले जनरल ओस्मानी आणि मैनुल हुसेन यांनी. त्यामुळे मुजीबनगरवाले लोकशाहीचे आणि मुजीब एकाधिकाराचे अशी वाटणी होत नाही, ताजुद्दीन एकटे वेगळे होते एवढंच म्हणता येईल, आणि एका माणसाला बाजूला केल्याने राष्ट्र बुडालं म्हणणं म्हणजे परत एकाच माणसावर सगळं टाकणं झालं.