मदत हवी आहे: देवराईतलं रानमोडीचं तण कसं आवरायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात देवराईतले जुने बेहडे मुळासकट आडवे झाले. पडलेली खोडं आम्ही हलवली नाहीत, देवीची आहेत ती. पण वरून ऊन आलं आणि खाली रानमोडी माजली. गारंबीच्या वेलापर्यंत जायलाही वाट उरली नाही.

कोयत्याने कापली, तर पावसात बुडखे परत फुटले. थंडीत फुलून बी वाऱ्यावर उडतं, म्हणून यंदा त्याआधीच उपटायची आहे. तणनाशक नकोच, खाली गावाचा झरा आहे.

उपटताना सुरंगी-बेहड्याची आपसूक आलेली बोटभर रोपं कशी वाचवायची? आणि मोकळ्या जागेत रोपं आणून लावावीत, की देवराईतलंच बी रुजू द्यावं? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.