दीड लाखाचं थोतांड? आधी तो जॅक उघडून बघा!

ओहमकार
आपल्या फोरमवरच्या 'हेडफोनचं थोतांड' या धाग्यावर कालपासून जे चाललंय ते वाचून डोकं उठलं, म्हणून हा वेगळा प्रपंच. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'पैसा पाण्यात' यांनी 300 ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या विरोधाचं माप) ओपन बॅक (मागून उघडा, बाहेरचा आवाज आत येऊ देणारा) हेडफोन, डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणारी डबी) आणि ॲम्प (तो सिग्नल मोठा करणारा) असा दीड लाखाचा संसार थाटला. तार फार लांब होती म्हणून लॅमिंग्टन रोडवर एकाकडून ती आखूड करून नवा जॅक (तारेच्या टोकाची पिन) बसवून घेतला. आता तक्रार अशी, की किशोरीताई पलीकडच्या बिल्डिंगमध्ये गायला बसल्यात असं वाटतं, बेसचा पत्ता नाही, नव्या गाण्यांतली वाद्यं नुसती चहूकडे पसरतात, आणि पन्नास-साठच्या दशकातली सिनेमाची गाणी बटण पूर्ण फिरवलं तरी धड ऐकू येत नाहीत. खरखर तेवढी खणखणीत. सबब, महाग हेडफोन म्हणजे लुबाडणूक आणि मोबाइलबरोबर फुकट आलेला इअरफोन बरा.

यावर आपले जाणकार काय सांगतात? एक म्हणतो 300 ओहमला ताकद लागते, मोठा ॲम्प घ्या. (घेतला बिचाऱ्यांनी. ढिम्म फरक नाही.) दुसरा म्हणतो रात्रंदिवस वाजवत ठेवा, बर्न इन होईल, म्हणजे वाजून वाजून आवाज खुलेल. तिसऱ्याने चांदीची तार सुचवली. अरे, पेशंट लक्षणं घडाघडा सांगतोय आणि तुम्ही त्याला टॉनिक लिहून देताय!

साध्या जॅकला तीन जागा असतात. टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, आणि मागची बाही दोघांची सामाईक परतीची वाट. या बाहीचं सोल्डर सुटलं तर करंटला परत जायला रस्ता उरत नाही, मग तो डाव्या ड्रायव्हरमधून (कानाजवळच्या छोट्या स्पीकरमधून) निघून उजव्यातून उलटा जातो. कानाला ऐकू येतो तो डाव्या-उजव्यातला फरक. दोन्हीकडे सारखं जे असेल ते कटाप. गायक सहसा मधोमध असतो, तो गेला. बेसही मधोमध, तोही गेला. कडेची वाद्यं आणि घुमारा राहिला. कॅराओकेसाठी गायकाचा आवाज काढायची जुनी युक्ती हीच.

आणि जुनी मोनो गाणी? तिथे डावं-उजवं एकच, म्हणजे गाणंच गेलं. मग खरखर का राहिली? जुनी रेकॉर्ड स्टिरिओ सुईने वाजवून उतरवली असेल तर धूळ आणि चरे खाचेच्या दोन्ही भिंतींवर सारखे नसतात, म्हणून ते वजा होत नाहीत. गाणं गायब, खरखर हजर. याहून स्पष्ट पुरावा तो काय हवा?

मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा आणि नवं कुठलंही गाणं लावा. आवाज जवळजवळ बंद पडला तर निकाल लागला. मग मल्टिमीटर घेऊन टोक ते बाही मोजा. 300 च्या आसपास यायला हवेत. काहीच न दाखवता मीटर ढिम्म बसला तर जॅक उघडा.

दादरकर
लेख छान, कळकळ दिसली. पण मला नाही पटत. खरखर आहे, बेस नाही, म्हणजे विजेचाच घोळ. अर्थिंगकडे कोणीच बघत नाही ही आपल्या मुंबईची रड आहे. आमची बिल्डिंग जुनी. बोर्डावर तीन भोकं दिसतात, पण वरच्या भोकाच्या मागे वायरच नाही! ॲम्पच्या पत्र्यावर हात ठेवला की झिणझिण्या आणि हेडफोनमध्ये घुंईई. मी शेवटी जाड पॉवर केबल मागवली, वीस हजारांची. रात्र आणि दिवसाचा फरक पडला.

मोजपट्टी
दादरकर, भिंतीच्या आत दोनच वायरी आणि भिंतीच्या बाहेर वीस हजारांची केबल? अर्थची वायर मागे जोडलेलीच नाही तर तुमच्या केबलमधली तिसरी तार कुठे जाते, स्वर्गात?
आणि अर्थिंग नसेल तर आवाजात काहीतरी *मिसळतं*. 50 हर्ट्झची घुरघुर, नाहीतर 100 ची. त्याने गायिका *वजा* होत नाही.
ओहमकार यांचं निदान ठीक वाटतंय, पण चाचणी अर्धवट आहे. कॉम्प्युटरवर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये (ॲप सिस्टिमला वगळून थेट डॅकला आवाज देतं तो) वाजवत असाल तर सिस्टिमचं मोनो सेटिंग लागूच होत नाही. लोक बटण दाबतील, आवाज तसाच येईल आणि 'जॅक ठणठणीत' म्हणून मोकळे होतील.

ओहमकार
मान्य, मास्तर. म्हणूनच मी मोबाइल लिहिलंय, कॉम्प्युटर नाही. पण तुम्हाला गुण कापायचेच असतील तर कापा.

मोजपट्टी
मोबाइलवरही काही ॲप्स सिस्टिमला बगल देऊन थेट डॅकशी बोलतात. अर्धा गुण कापला.
आता मोठ्या ॲम्पबद्दल. 300 ओहम ऐकलं की लोकांच्या अंगात येतं. सेन्हायझर एचडी 650 घ्या, 300 ओहमचाच. एका व्होल्टला साधारण 103 डेसिबल देतो. ॲपलचा छोटा डोंगल (फोनला हेडफोन जोडायची डॅकवाली छोटी तार) आयफोनवर एक व्होल्टच्या आसपास देतो. 103 डेसिबलने तुमचे शेजारी नाही तरी तुमचे कान नक्की उठतील. (अँड्रॉइडवर मात्र बऱ्याच फोनमध्ये तोच डोंगल अर्ध्यावर अडकतो, ती भानगड वेगळी.) ॲम्प लागतच नाही असं मी म्हणत नाही. एका मिलिवॅटला जेमतेम 83 डेसिबल देणारे जुने प्लॅनर (चपट्या पडद्याचे) हेडफोन बिनॲम्पचे लावून बघा, रडाल. पण आवाज *कमी* आहे की *चुकीचा* आहे हे आधी ठरवा, मग पाकिटाला हात घाला.

तंबोरा
सगळे जॅकमागे लागलात, पण जुनी गाणी वाईट ऐकू येण्याचं खरं कारण कोणी बोलेल का? रीमास्टर, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाची नवी साफसफाई! खरखर काढायच्या नादात हे लोक वरचे सगळे स्वर खरवडून काढतात. नाट्यसंगीताची नवी डिजिटल आवृत्ती ऐका. मागचा तंबोरा गेला, ऑर्गनची धार गेली, गायकाचा श्वास गेला. उरतो तो धुऊन धुऊन विटलेला आवाज. वर तो 'क्रिस्टल क्लिअर' म्हणून विकायचा. माझ्या वडिलांकडच्या 78 च्या तबकड्यांवर खरखरीच्या मागे सगळं शाबूत आहे. काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान होतं तोवर विचारायला तरी माणसं होती, 2016 मध्ये तेही बंद झालं. आता विचारायचं कोणाला?

ओहमकार
तंबोरा, तुमचं दुःख खरं आहे. पण रीमास्टरमध्ये खरखर जाते आणि गाणं राहतं. इथे गाणं गेलंय आणि खरखर राहिलीये. म्हणजे बरोब्बर उलट! वेगळा धागा काढा, पहिली सही माझी.

रुळालगत
मला एक कळत नाही, मुंबईत ओपन बॅक घेतंच कोण? आमच्या खिडकीतून स्लो ट्रॅक दिसतो. आलाप सुरू झाला की अंधेरी लोकल. ती गेली की वर पंखा. पंखा बंद केला की घाम, आणि घामाने पॅडचं मखमल असं होतं की हातात घेववत नाही. पावसाळ्यात तर जॅकवर हिरवट थर चढतो. दीड लाखात एसी बसवून साधा क्लोज्ड बॅक घेतला असता तर किशोरीताई घरात आल्या असत्या.

सांगू_का
घुंईई आवाजावर रामबाण उपाय सांगतो. ॲम्पच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाका, नाहीतर तीनचं दोन करणारा कन्व्हर्टर लावा. आवाज लगेच बंद. माझ्याकडे कैक वर्षं असंच चालू आहे, काही झालेलं नाही. उगाच अर्थिंगचा बाऊ करतात लोक.

वायरमनचा_मुलगा
ॲडमिन, वरचा प्रतिसाद उडवा. ताबडतोब.
सांगू_का, तुम्हाला काही झालं नाही हे तुमचं नशीब, उपाय नव्हे. ती पिन लांब आणि जाड का असते ठाऊक आहे? प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ॲम्पच्या आत लाइव्ह वायर सुटून पत्र्याला लागली तर अर्थमधून करंट जातो आणि एमसीबी, म्हणजे बोर्डातला सुरक्षा स्विच, पडतो. पिन कापलीत की तो पत्रा 230 व्होल्टवर गुपचूप बसून राहतो, तुम्ही हात लावायची वाट बघत. आणि तुम्ही तर हेडफोनच्या तारेने तो डोक्याला बांधून घेताय!
माझे वडील आयुष्यभर जुन्या चाळींची वायरिंग करत आले. वॉशिंग मशीनला चिकटलेल्या एका बाईला त्यांनी लाकडी पाटाने ढकलून सोडवलंय, मी शेजारी उभा होतो. तिथेही कोणीतरी 'झिणझिण्या येतात' म्हणून कन्व्हर्टरच लावला होता.

सांगू_का
झालं प्रवचन? हेडफोनचा ॲम्प आहे, गिरणीतली मोटार नाही.

वायरमनचा_मुलगा
भिंतीतले 230 व्होल्ट तेच असतात हो, पुढे काय लावलंय ते त्यांना दिसत नाही.

मुलुंडची_मी
भांडू नका रे. घुंईई माझ्याकडेही होती. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला की बंद, चार्जर लावला की सुरू. मग डॅक, ॲम्प, चार्जर सगळं एकाच बोर्डावर आणलं आणि ती गेली. काही कापलं नाही, काही मागवलं नाही. दादरकर, घरात अर्थ नसेल तर निदान 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घ्या आधी, केबल राहू दे.

दादरकर
आरसीसीबी सुचवणं सोपं आहे ताई. आमची बिल्डिंग पागडीची. मालक म्हणतो भाडेकरूंनी करा, भाडेकरू म्हणतात रीडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला खर्च. हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. मीटरच्या खोलीत अर्थची पट्टी आहे, ती गंजून तिची जाळी झालीये. वरच्या मजल्यावर नवीन वायर चढवायची तर जिन्यातून न्यावी लागेल आणि त्याला तळमजल्याच्या काकांची हरकत. वीस हजारांत निदान माझ्या हातात काहीतरी आलं.

वायरमनचा_मुलगा
आरसीसीबीला तुमच्या मालकाची परवानगी लागत नाही, दादरकर. तो तुमच्या घरातल्या बोर्डात बसतो आणि अर्थ नसतानाही काम करतो. गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की तो पडतो, बस्स. त्याने घुरघुर जाणार नाही, पण तुम्ही राहाल. अर्थच्या पट्टीचं लेखी पत्र द्या, फोटोसकट. आणि कोणी 'नळाच्या पाइपला जोडून टाकतो' म्हणाला तर त्याला जिन्यातूनच परत पाठवा.

पैसा_पाण्यात
माझ्या पैशांवर सगळ्यांची करमणूक चाललीये ते वाचतोय. ओहमकार साहेब, तुम्ही सगळं खापर सोल्डरच्या एका टाक्यावर फोडलंत. दुकानदाराने माझ्यासमोर लावून दाखवलं होतं, दोन्ही कानांत आवाज येत होता. मग?

ओहमकार
येणारच! दोन्ही कानांत येतोच, म्हणून तर हा दोष पकडला जात नाही. एक बाजू बंद पडली असती तर तुम्ही तिथेच ओरडला असतात. त्याने काय लावून दाखवलं होतं? मोठमोठ्याने दणदणणारं रीमिक्स ना? त्यात कडेला इतकं काही भरलेलं असतं की मधलं गेलेलं कळत नाही. वाद नको, मीटर लावा.

मोजपट्टी
मीटर नसेल तर जॅक सॉकेटमध्ये असताना टोपणाजवळ हळूच दाबून, फिरवून बघा. गाणाऱ्याचा आवाज क्षणभर मध्ये येऊन परत गेला तर समजा. पण त्या आधी ॲम्पचं बटण खाली आणा. बाही अचानक टेकली तर पूर्ण आवाज एकदम कानावर आदळेल. तुम्ही ते 'पूर्ण फिरवलेलं' आहे.

पैसा_पाण्यात
मीटर शेजाऱ्यांकडून आणला. टोक ते बाही काही नाही. कडं ते बाही काही नाही. टोक ते कडं सहाशेच्या वर.

ओहमकार
दोन ड्रायव्हर एकामागोमाग एक. काही बोलत नाही मी.

पैसा_पाण्यात
बोलू नकाच. टोपण उघडलं तर बाहीची तार सोल्डरच्या गोळ्याला नुसती टेकलेली, धरलेली नाही. ओढली तर हातात आली. कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडून लावून घेतली. गाणाऱ्या मध्ये आल्या, बेस आला, सगळं आलं. मिळालं समाधान? पण मूळ मुद्दा जागच्या जागी आहे. त्याच रिपेअरवाल्याच्या टेबलावरचा दोन हजारांचा हेडफोन लावून पाहिला आणि माझा पाहिला. फरक आहे. दीड लाखाचा नाही. आणि तो दुसरा मोठा ॲम्प ज्यांनी घ्यायला लावला त्यांच्यापैकी एकही इथे फिरकलेला नाही.

रुळालगत
पंखा बंद करून ऐकलंत का?

मोजपट्टी
फरक दीड लाखाचा कधीच नसतो, हे मीच तिकडे पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि तुम्ही मला कंजूष म्हणाला होतात. दुसरा ॲम्प विकायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तंबोरा
आता तंबोरा ऐकू येतोय का ते सांगा. नवी आवृत्ती नको, जुनी लावा.

सांगू_का
म्हणजे अर्थिंगचा काहीच संबंध नव्हता. मग मला एवढं का ऐकवलंत?

वायरमनचा_मुलगा
कारण तुमच्या घरात ती पिन अजून कापलेलीच आहे. प्लग बदललात की फोटो टाका, मी माझे शब्द मागे घेतो. दादरकर, पत्राचा मसुदा व्यनिने पाठवलाय. तळमजल्याच्या काकांना वायर जिन्यातून नको असेल तर मागच्या डक्टमधून नेता येते, डक्ट आहे का तेवढं कळवा.