उपग्रहांच्या संख्येला मर्यादा हवी की नको?

ध्रुवमत्स्य:
२,००० किमी उंचीपर्यंतच्या कक्षांत किती उपग्रह सोडायचे याला आंतरराष्ट्रीय मर्यादा हवीच. १० फेब्रुवारी २००९ला सैबेरियाच्या वर, ७८९ किमीवर, चालू अमेरिकी उपग्रह इरिडियम-३३ आणि बंद पडलेला रशियन उपग्रह कॉसमॉस-२२५१ सेकंदाला सुमारे ११.७ किमी वेगाने धडकले. रडारला दिसतील असे दोन हजारांवर तुकडे झाले. उपग्रह दुप्पट झाले की धडकू शकणाऱ्या जोड्या चौपट होतात. आणि इंटरनेट पुरवणाऱ्या एकट्या स्टारलिंकच्या उपग्रहांसाठीच्या अर्जांची बेरीज ४२ हजारांच्या घरात जाते!

रोहिणी७५:
असहमत. आकडा नको, उंची बघा. ५५० किमीवर मेलेला उपग्रह तिथल्या विरळ हवेच्या घर्षणाने साधारण पाच वर्षांत खाली येऊन जळतो. ८५० किमीवरचा शतकाहून जास्त काळ घिरट्या घालतो. त्याच पट्ट्यात झेनित रॉकेटांचे आठ-नऊ टनी टप्पे (काम संपल्यावर वरच राहिलेले रॉकेटचे भाग) आहेत. ना इंधन, ना संपर्क. त्यांना वळवणार कोण? २००९चे दोन्ही उपग्रह मिळून दीड टनाच्या आसपास होते, यावरून अंदाज करा. आधी हे टप्पे काढा.

ध्रुवमत्स्य:
@रोहिणी७५ काढायलाच हवेत. पण चालू उपग्रह वळवता येतो, हा भरवसा तरी किती? धडकेची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा जास्त निघाली की बहुतेक जण उपग्रह हलवतात. ती शक्यता काढतात दोघांच्या अंदाजित जागांवरून. सौर वादळात वरचं वातावरण फुगतं, घर्षण वाढतं आणि उद्याची जागा कित्येक किलोमीटरनी चुकते. मे २०२४च्या वादळात हजारो उपग्रह एकाच वेळी कक्षा सावरू लागले, तेव्हा कोण कुठे असेल हे सांगणंच अवघड झालं. शिवाय एक ते दहा सेंमीचे बहुतेक तुकडे नोंदीतच नाहीत, आणि उपग्रह निकामी करायला तेवढा तुकडा पुरतो.

अपभू:
परवाना देताना उतरण्याचं इंधन मोजा, असं माझं म्हणणं. इस्रो आणि फ्रान्सचा हवामान उपग्रह मेघा-ट्रॉपिक्स-१ ८६७ किमीवर होता. नियंत्रित पुनःप्रवेशासाठी, म्हणजे ठरवलेल्या जागी वातावरणात उतरवण्यासाठी, तो बांधलेलाही नव्हता. पण काम संपलं तेव्हा टाकीत सुमारे १२५ किलो इंधन होतं, म्हणून इस्रोला ऑगस्ट २०२२पासून उपभू (कक्षेतला पृथ्वीच्या सर्वात जवळचा बिंदू) हळूहळू खाली आणून ७ मार्च २०२३ला तो प्रशांत महासागरावर पाडता आला. इंधन पुरणार नसेल तर निदान टाक्या रित्या करा, बॅटऱ्या कायमच्या तोडा. नाहीतर वर्षांनंतरही स्फोट होतात.

रोहिणी७५:
हे पटलं. काम संपलेला उपग्रह कक्षेतून काढायची पंचवीस वर्षांची मुदत अमेरिकेने २०२२मध्ये पाचवर आणली, ती सगळ्यांनी पाळली तर संख्येची मर्यादा लागणारच नाही.

ध्रुवमत्स्य:
लागेल. कार्बन डायऑक्साइडमुळे वरचं वातावरण थंड होऊन आकसतंय, म्हणजे घर्षण घटतंय. आज ५५० किमीवरून पाच वर्षांत पडणारा उपग्रह पुढे जास्त काळ टिकेल. मर्यादा प्रत्येक उंचीसाठी वेगळी ठरवा, पण ठरवा.