हनुवटीचे केस : लेझर करावं का? (पुणे, बजेट १५ हजार)

अबोली२७ : पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन बिघडण्याचा त्रास) आहे. हनुवटीवर आणि जबड्याखाली जाड, काळे केस येतात. दर आठ दिवसांनी थ्रेडिंग, मग पुळ्या, मग डाग. रंग सावळा. लग्न पाच महिन्यांवर आलंय. फक्त हनुवटीचं लेझर करायचंय, १५ हजारांच्या वर एक रुपयाही नाही. दुखतं का? केस कायमचे जातात का?

पिंपळपान : मी फुल बॉडी केलं, ८० हजार, हप्त्यांवर. तूही तेच घे, सुटं सुटं महाग पडतं. रबरबँड सटकन लागावा तसं दुखतं, जळक्या केसांचा वास येतो. दहा-पंधरा दिवसांत केस आपोआप गळू लागले तेव्हा मला रडूच आलं आनंदानं. दहावीपासून बिनबाह्यांचा ड्रेस घातला नव्हता मी.

चिंचेचं_बन : ती हनुवटीचं विचारतेय. अबोली, माझा अनुभव वाच. कोकणातून रापून आले आणि चौथ्या दिवशी सेशनला गेले. मशीन चालवणाऱ्या मुलीनं उन्हाचं विचारलंही नाही, डॉक्टर तर दिसलेच नाहीत. दोन्ही गालांवर तपकिरी चट्टे, आठ महिने ओढणी गुंडाळून ऑफिसला गेले. आधी पॅच टेस्ट (छोट्याशा जागेवर लेझर मारून बघणं) माग. नाही म्हणाले तर उठून ये.

शेवंतीकाकू : अगं पोरींनो, मसूरडाळीचं पीठ, हळद आणि साय. माझ्या दोन्ही मुलींना लहानपणापासून लावलं, अंगावर लव नाही.

चिंचेचं_बन : काकू, लव वेगळी आणि पीसीओएसचे राठ केस वेगळे. पीठ मुळापर्यंत कसं पोचणार?

शेवंतीकाकू : चट्टे तरी पडत नाहीत ना?

घरचं_मशीन : क्लिनिक कशाला? मी १८ हजारांचं आयपीएल (प्रकाशाच्या झोतानं केस घालवायचं घरगुती मशीन) घेतलं, पाय छान झालेत.

ओपीडी_नंबर_९ : आयपीएल म्हणजे लेझर नव्हे, आणि सावळ्या रंगाला घरचं मशीन नकोच. खोक्यावर रंगांचा तक्ता असतो, तो बघ. मी त्वचारोग विभागात काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. लेझर केसातला काळा रंग शोधतो आणि त्या उष्णतेनं मूळ भाजतं. कातडीतही तोच रंग जास्त असेल तर कातडी भाजते. म्हणून लेझरच्या प्रकारांपैकी सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग जास्त सुरक्षित, डायोडही जपून चालतो. ७५५ चा अलेक्झांड्राइट गोऱ्यांसाठी बरा. पांढऱ्या केसांवर कुठलाच चालत नाही. वाढीच्या अवस्थेतलेच केस सापडतात, त्यामुळे चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं सहा-आठ सेशन लागतात. तुझ्या पाच महिन्यांत हे सगळं बसणं कठीण. आणि 'कायमचे' हा शब्द विसर. केस कमी होतात, बारीक होतात. हार्मोन बिघडलेले असतील तर नवे येत राहतात. आधी टेस्टोस्टेरॉन तपासून घे. क्वचित चेहऱ्यावर लेझरनंतर उलट लव वाढते, हेही डॉक्टरांना विचार.

पिंपळपान : माझे तर दोन वर्षं आले नाहीत.

ओपीडी_नंबर_९ : तुला पीसीओएस आहे का?

पिंपळपान : नाही.

नाशिकची_द्राक्षं : वॅक्स, थ्रेडिंग महिनाभर आधी बंद. मूळच उपटलं तर लेझर शोधणार काय? आदल्या दिवशी फक्त रेझर. उन्हात जाऊ नकोस, सनस्क्रीन लाव. गरोदरपणात करत नाहीत, तेही लक्षात ठेव.

चिंचेचं_बन : उन्हाचं मी वर लिहिलंय.

घरचं_मशीन : रेझरनं केस दाट होतात, हनुवटीला लावू नकोस.

नाशिकची_द्राक्षं : दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं.

अबोली२७ : सगळ्यांचं दोनदा वाचलं. ठरवलं ते असं : लग्नाआधी हनुवटीला लेझर नाही. रक्त तपासायला दिलंय, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाईन. थ्रेडिंग आजपासून बंद, तोवर रेझर, निदान पुळ्या तरी थांबतील. १५ हजारांतून आधी काखेचं करतेय. तिथले केस काळे, जाड, उन्हाचा प्रश्न नाही, आणि मला किती दुखतं तेही कळेल. डॉक्टर स्वतः हजर असतात, मशीन एनडी-याग आहे, पॅच टेस्ट शनिवारी.

पिंपळपान : नुसती काख? लग्नात चेहरा दिसणार की काख?

अबोली२७ : त्याला साखरपुड्याआधीच सगळं सांगितलंय मी. लग्नात चट्टे नकोत, एवढंच.

शेवंतीकाकू : शनिवारी काय झालं ते लिही हो. धाकटीला विचारायचंय.